सावलीचं ताट

माझी नात माध्यमिक शाळेत गेली त्याच वर्षी मीही गेले. ती सकाळच्या, मी संध्याकाळच्या. १९८१ साल होतं ते. माझ्या मुलीनं, मियोनं, दोघींसाठी एकाच दुकानातून दप्तरं आणली, आणि नात म्हणाली, "आजी, आपण दोघी एकाच इयत्तेत. तुझा गृहपाठ राहिला तर माझं बघून लिही." मी साठीची. शाळेच्या वयात मी दुसऱ्यांची तान्ही मुलं पाठीला बांधून फिरवत होते, त्यामुळे दुकानांच्या पाट्या, ट्रामवरची नावं, औषधाच्या बाटलीवरची सूचना, सगळं मला आयुष्यभर कुणाला तरी विचारावं लागलं. लोक सांगत. ओसाकाची माणसं बोलकी. पण विचारताना दर वेळी मान जराशी खाली जाते, आणि इतकी वर्षं ती खाली गेल्यावर वर करायला शाळाच लागली.

दुसऱ्या हिवाळ्यात कुरामोची सरांनी आम्हाला एक जुनी गोष्ट वाचायला दिली. गोष्टीत दुष्काळ आहे. एक माणूस कामावरून निघालेला, उपाशी, आडोशाला बसलाय. चोर व्हायचं की मरायचं, ते त्याला ठरवता येत नाही. आम्ही एकेक ओळ आळीपाळीनं वाचत होतो, बोट ठेवून. वर्गात स्टोव्हची ऊब, शाळेत मिळणाऱ्या पावाचा आणि गरम दुधाचा वास. सरांनी पुस्तक पालथं ठेवलं आणि विचारलं, "आता तुम्ही सांगा. त्यानं काय करायला हवं होतं?"

"सर, तुम्ही जेवून आलात का?" बुनी म्हणाली. बुनी कोरियन, माझ्याहून मोठी, माझ्या शेजारच्या बाकावर बसायची.

"आलो ना."

"मग तुम्हीच सोडवा हे गणित. भरल्या पोटी छान सुटतं."

सगळे हसले. सरही हसले, कानापर्यंत लाल झाले. मागच्या बाकावरचे मात्सुगी, बंदरावर हमाली केलेले, म्हणाले, "मरायला हवं होतं. चोरी वाईटच."

"मग लढाईनंतर उपासमार होती तेव्हा तुम्ही का नाही मेलात?" बुनीनं विचारलं.

"जमलं नाही, बाई. दर वेळी काहीतरी खायला मिळायचं."

"काहीतरी म्हणजे कुणाचं तरी," बुनी म्हणाली, आणि मात्सुगींनी हात वर करून हार मानली. हसणं ओसरेपर्यंत सरांनी फळ्याकडे वळून 'चोरी' या अख्ख्या शब्दाचं एक अक्षर काढलं. सावकाश, आम्हाला दिसावं म्हणून बाजूला सरकून. ते अक्षर मी त्याआधी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याचे दोन भाग आहेत. वरचा भाग मला येत होता, 'पुढचा'. स्टेशनवर लिहिलेला असतो, पुढची गाडी, पुढचं स्टेशन. खालचाही येत होता, 'ताट'. म्हणजे पुढच्याचं ताट. माझ्या आधी कुणी तरी जेवायला बसणार होतं, त्याचं ताट. सर सांगत होते की वरचा भाग मुळात 'पुढचा' नाहीच, तोंडाला सुटलेलं पाणी आहे ते; दुसऱ्याचं ताट बघून ज्याच्या तोंडाला पाणी सुटतं तो चोर. पण मला ते ऐकू येऊनही आत जात नव्हतं. माझ्या हातातली पेन्सिल थांबली होती, आणि स्टोव्हच्या उबेतही माझे पाय मातीच्या जमिनीवर टेकल्यासारखे गार पडले होते. आमच्या तेव्हाच्या स्वयंपाकघराची जमीन मातीची होती. तिथं माझी सासू पाठमोरी उभी होती आणि एका वाडग्याचं झाकण पुसत होती.

सासूचं नाव त्सुने. ती डोंगरापलीकडच्या, समुद्राकाठच्या गावची. तिकडे घरातलं माणूस लांब गेलं की त्याचं ताट रोज मांडतात. सावलीचं ताट म्हणतात त्याला. माणूस मेलेला नसतो, म्हणून ते देवघरात, मेलेल्यांच्या नावांपुढे, मांडायचं नाही. जेवायच्या खोलीत, तो बसायचा त्याच जागी. माझा नवरा तोकुजी सुतार होता, लग्नाला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती, आणि मी पोटुशी असताना त्याला दक्षिणेकडे लढाईला नेलं. त्या दिवसापासून सासू त्याचं लाखेचं, पाय असलेलं ताट काढायची, त्यात भाताचा वाडगा, सुपाचा झाकणाचा वाडगा, जेवायच्या काड्या आडव्या. आम्ही जेवायला बसायचो आणि ते ताट आमच्याबरोबर बसायचं. जेवण झालं की ती सुपाचं झाकण उचलून आतल्या बाजूनं बघायची. वाफेचे थेंब धरलेले असले तर माणूस सुखरूप. थेंब नसले तर ती रात्रभर कूस बदलायची. मग ते जेवण कुणी तरी खायचं. आमच्या घरी ते मी खायची. "त्याचं आहे, त्याच्या बायकोच्याच तोंडानं त्याला पोचतं," ती म्हणायची. इतर गावांत वेगळं असेल. मी विचारलं नाही.

लढाई चालू होती तेव्हा ताटात फार नसायचं, पण काही तरी असायचं. संपली आणि काहीच उरलं नाही. शहराचा आमच्या बाजूचा भाग जळून सपाट झाला होता, फक्त आमची गल्ली आगीनं ओलांडून सोडली होती, आणि ती सोडली म्हणून गल्लीतली माणसं एकमेकांकडे जरा ओशाळून बघत. त्या पानगळीत मियो दुधावर होती. रेशनवर रताळी येत, कधी येत नसत. रताळ्याचे वेल, तोफूचा चोथा, कोंड्याचे गोळे, हे आमचं जेवण. चोथा पांढरा असतो, दिसायला शिजलेल्या भातासारखा, तोंडात भुशासारखा. माझं दूध आटत चाललं होतं. मियो ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची, आणि मग रडायचीही नाही, नुसती माझ्याकडे बघत राहायची. मूल रडायचं थांबतं तेव्हा आईच्या अंगातून जे काही सरकत जातं त्याला मला आजही शब्द मिळालेला नाही, शाळेत जाऊनसुद्धा.

आणि या सगळ्यात माझी सासू सरळ उभी. तिचा सरळपणा गल्लीला ठाऊक होता, थोडा नकोसाही होता. एकदा रेशनच्या रांगेत वाटणाऱ्यानं चुकून तिच्या टोपलीत एक रताळं जास्त टाकलं. ती घरापर्यंत आली, टोपलीकडे बघितलं आणि पुन्हा रांगेच्या तोंडाशी गेली. "हे तुमचं," म्हणाली. मागच्या बायका चिडल्या. "वा ग, देवीच अवतरली!" एक म्हणाली. "नको असेल तर इकडे टाक की!" दुसरी म्हणाली. ती सगळ्यांना वाकून नमस्कार करून परत आली. मी मनातून इतकी रागावले होते की तिच्या हातची टोपली मी घेतलीच नाही. ते एक रताळं मला डोळ्यांपुढे दिसत होतं, लाल, मातीचं, एका बाजूला फावड्याचा वार बसलेलं. "आई, ते परत द्यायची काय गरज होती?" मी विचारलं. "आपलं नव्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात उपदेश नव्हता. बाहेर पाऊस आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

मी तिच्या वाटणीचं घेत नव्हते. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती तिच्या वाडग्यातलं माझ्याकडे सरकवायची, मी परत सरकवायची. आम्ही दोघी अशा वाडगी सरकवत बसायचो आणि मधलं सूप गार व्हायचं. सुनेनं सासूपेक्षा जास्त जेवायचं, तेही सासूच्या देखत, तिच्याच वाडग्यातलं, हे माझ्या घशाखाली उतरलंच नसतं. मीही तशाच गावात वाढले होते. ती म्हणायची, "मूल अंगावर आहे तुझ्या, खा." मी म्हणायची, "तुम्ही आधी." तिचं म्हणणं बरोबर होतं आणि माझं वळण पक्कं होतं. आमच्या भांडणात मियो वाळत चालली होती.

मग एका दुपारी मी रांगेतून परत येत होते तेव्हा आमच्या दारातून एक माणूस निघताना दिसला. सैन्यातला कोट, बिल्ले काढून टाकलेले, पिवळा चेहरा. त्यानं दाराकडे वळून खूप खोल वाकून नमस्कार केला आणि माझ्या बाजूनं निघून गेला. मी वाट दिली. त्याच्या अंगाला तापाचा, कडू औषधाचा वास होता. घरात सासू ओट्याच्या कडेला बसली होती. "कोण होता?" मी विचारलं. "वाट चुकला होता," ती म्हणाली. "तेनोजीला कसं जायचं विचारत होता." मग ती उठली आणि लाकडाचे तुकडे फोडू लागली, जळक्या घरांतून आणलेले, बाहेरून कोळसा आणि आतून अजून पिवळे. पुष्कळ वेळ फोडत राहिली. लागतील त्याहून जास्त.

त्यानंतर काही दिवसांनी सावलीच्या ताटात पांढरा भात आला.

थोडाच. वाडग्याच्या तळाशी बसेल इतका. पण पांढरा, खरा, दाणा न् दाणा दिसणारा. मी बघत राहिले. पांढऱ्या भाताला वास असतो हे मी विसरले होते. भूक लागलेल्या माणसाला तो वास नाकात येत नाही, जबड्याच्या कोपऱ्यात येतो. "कुठून आला?" मी विचारलं. "त्याच्यासाठी आला," सासू म्हणाली, आणि जेवण झाल्यावर तिनं नेहमीसारखं सुपाचं झाकण उचललं. आत थेंब होते. "बघ. बरा आहे तो." मग ताट माझ्यापुढे सरकवलं. "खा. त्याचं आहे." आणि मी खाल्लं. सासूच्या वाडग्यातलं मी खाल्लं नसतं. नवऱ्याचं ताट मला कुणी नाकारायला शिकवलं नव्हतं.

भाताला उदबत्तीचा वास होता. पहिल्यांदा मला वाटलं, सासू देवाजवळ ठेवून मग आणत असेल. पुढच्या वेळी वाडग्यात भाताचा गोळा अख्खा होता, वाटीतून पालथा केल्यासारखा, आणि त्याच्या मधोमध एक भोक होतं. खोल, तळापर्यंत गेलेलं, दोन काड्या शेजारी शेजारी उभ्या रोवल्यावर पडतं तसं. जिवंत माणसाच्या भातात आमच्याकडे कुणी काड्या उभ्या रोवत नाही. खोडकर पोरानं रोवल्या तर हातावर फटका बसतो. तसा भात एकाच ठिकाणी असतो, मेलेल्या माणसाच्या उशाशी. माणूस गेलं की घरात उरलेले, शेजाऱ्यांकडे मागितलेले, जे असतील ते तांदूळ शिजवून एक वाडगा शिगोशीग भरायचा, त्यात काड्या उभ्या करायच्या, आणि शेवटी तो भात कागदात बांधून पेटीत प्रेताबरोबर द्यायचा. वाटेवरची शिदोरी. त्या हिवाळ्यात कितीतरी माणसांना पांढरा भात मेल्यावरच मिळाला. आणि माझी सासू मयताचे कपडे शिवायला जायची. आमच्या भागात तिच्यासारखं ते शिवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. दोऱ्याला गाठ मारायची नाही, कापड कात्रीनं कापायचं नाही, हातानं फाडायचं, हे सगळं तिला येत होतं. पेटीत माणूस ठेवताना, शिदोरी ठेवताना, ती जवळ असायची.

मी त्या भोकाकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. मी काड्यांनी भोकाच्या कडा आत ढकलल्या, ते बुजलं, आणि मी खायला लागले.

खाताना माझ्या छातीत कळ आली आणि दूध उतरलं. अजून घास तोंडात होता. कपडा ओला झाला. मियोनं तो वास घेतला आणि झोपेतच तोंड उघडलं. शरीराला लाज नसते, हे मला त्या क्षणी समजलं, आणि त्याच क्षणी हेही जाणवलं की लाज नसणं म्हणजे वाईटच असं नाही. माझं मन कुठं तरी छताच्या आढ्याजवळ बसून बघत होतं, एक बाई मेलेल्याचा भात खातेय आणि तिच्या दुधावर एक मूल जगतंय, आणि ते मन काहीच ठरवत नव्हतं. ज्याला ठरवायचं त्यानं ठरवावं, असं म्हणून ते बसलं होतं.

थेंबांचंही मला कळलं, पण उशिरा. थंडी इतकी होती आणि लाकूड इतकं कमी की सूप कोमटच असायचं, आणि तरी झाकणाला रोज थेंब. एका संध्याकाळी मी मियोला घेऊन आतल्या दाराशी आले तेव्हा सासू मातीच्या जमिनीवर पाठमोरी उभी होती. तिनं झाकण कमरेच्या फडक्यानं कोरडं पुसलं, बादलीत बोटं बुडवली आणि झाकणाच्या आतून हलकेच शिंपडली. मग झाकण वाडग्यावर ठेवून क्षणभर त्यावर तळवा टेकला, मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. मला तिचं तोंड दिसत नव्हतं. मला नवरा मेल्याचं कळलं ते तेव्हा. कुणी सांगितलं नाही, ओरडलं नाही, फक्त दोन बोटं ओली झाली. मी मागं सरकले, मियोच्या कपाळाला गाल लावला, तिचं कपाळ गरम होतं, जिवंत गरम, आणि थोड्या वेळानं मी बाहेर येऊन विचारलं, "जेवायला बसायचं ना, आई?" "बसू या," ती म्हणाली. जेवण झालं. झाकण उचललं. "आहेत बघ थेंब." मी म्हटलं, "हो, आहेत." आणि त्या रात्रीही मी ते ताट संपवलं.

ती हे का करत होती ते मला तेव्हाच दिसलं. मेला म्हटलं असतं तर ताट देवघरात गेलं असतं. मेलेल्याला चिमूटभर पुरतं. मग माझ्या वाटणीचं काय उरलं असतं? सासूचा वाडगा आणि माझा नकार. तिनं मुलाला थोडे दिवस जास्त जिवंत ठेवलं, म्हणजे नातीला ठेवता येईल. रडायचं राहू दिलं. आईनं मुलासाठी एकदाही रडू नये, याला किती ताकद लागते ते मी आता, नातीची आजी झाल्यावर, थोडंफार मोजू शकते. तेव्हा मी फक्त बघत होते, आणि मला ती भीतीदायक वाटत होती.

मग ओताकी आली. ती गल्लीच्या टोकाला राहायची, पिंपं बनवणाऱ्या गेन्झोची बायको. गेन्झो नुकताच गेला होता. सासूनंच त्याचे कपडे शिवले होते. सकाळची वेळ होती, मी मियोचे लंगोट पिळत होते. ओताकी दारात उभी राहिली, आत आली नाही.

"त्सुनेबाई, बाहेर या जरा."

सासू गेली, वाकली.

"पेटीचं झाकण ठोकायच्या आधी मी त्यांची चिलीम आत ठेवली. शिदोरीला हात लागला माझा. ओली होती. मऊ. मी भटजींसमोर बोलले नाही." तिचा आवाज खाली होता, पण अख्खी गल्ली ऐकत असल्यासारखी शांत होती. "माझ्या माणसाच्या पेटीत भात होता की तोफूचा चोथा?"

"चोथा," सासू म्हणाली.

मी हातातलं फडकं तसंच धरून उभी. मला वाटलं होतं, ती काहीतरी म्हणेल. सगळेच करतात, वेळच तशी आहे, मूल लहान आहे, तुमच्या पाया पडते. तिला हे सगळं म्हणता आलं असतं आणि त्यातलं एकही खोटं नसतं.

"भात कुठं गेला?"

"सुनेच्या पोटात. तिथून पोरीच्या."

ओताकीनं तिच्या थोबाडीत मारली. फार जोरात नाही, तिच्याही अंगात ताकद नव्हती. सासूची मान वळली, तिनं ती पुन्हा सरळ केली. "ही चोरी आहे," सासू म्हणाली. "मी केली. पेटी बंद करताना गेन्झोबुवांच्या कानात सांगितलं होतं, त्सुने घेतेय म्हणून. त्यांना सांगून चोरलं, तुम्हाला न सांगता. ते चुकलं. तुम्हाला सांगायला हवं होतं."

"मला सांगितलं असतंस तर मी दिला असता?"

"नाही."

"नाही," ओताकी म्हणाली. ती दाराच्या चौकटीला टेकली. मला वाटलं ती आता मोठ्यानं रडणार, सगळ्यांना बोलावणार, आणि मग उद्यापासून सासूला कुठल्याच घरी शिवायला बोलावणार नाहीत, आणि ताटातला भात संपला, आणि मियो. आतून मियो कुरकुरली. ओताकीनं तो आवाज ऐकला. बराच वेळ ती आतल्या अंधाराकडे बघत राहिली. मग तिच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला आणि मला कळायला वेळ लागला की ती हसतेय.

"तो इतका चिक्कू होता," ती म्हणाली, "जिवंतपणी कुणाला एक दाणा दिला नसता त्यानं. मला सुद्धा मोजून वाढायचा. मेल्यावर घेतलास ते बरं केलंस. पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडला."

सासू हसली नाही. वाकली ती वाकलेलीच राहिली, ओताकी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत. ओताकीनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिचं चुकलं नसतं.

वर्गात बसून मी हे आठवत होते, आणि सर पुढचं वाक्य वाचत होते. त्या गोष्टीत माणसं आपापलं समर्थन करतात. हे केलं नाही तर मी मरेन, म्हणून हे वाईट नाही, असं एकजण म्हणतो, आणि ऐकणारा म्हणतो, मग मी करतो तेही वाईट नाही. बुनी पेन्सिलनं कान खाजवत म्हणाली, "खरं तेच बोलतायत की बिचारे." खरं असेल. मला ते ऐकताना फार एकटं वाटलं, कारण माझ्या ओळखीत एक बाई होती जिनं तसं म्हटलं नाही. तिनं चोरीला चोरी म्हटलं, थापड खाल्ली, आणि पुढच्या घरी पुन्हा गेली. हो, पुन्हा गेली. त्या दिवसानंतरही ताटात भात येत राहिला. फक्त आता ती त्या घरच्या माणसांना आधी विचारायची. बहुतेक जण नाही म्हणत. काही जण अर्धा देत. एका म्हाताऱ्यानं तिच्या अंगावर पाणी फेकलं, आणि ती ओल्या कपड्यांनी घरी आली. झाकणावर थेंब शिंपडायला तिला त्या दिवशी बादलीपर्यंत जावं लागलं नसतं, तरी ती गेली. चोरीपेक्षा मागणं तिला जड गेलं असावं. तिचा सरळपणा मोडला असं मला कधी वाटलं नाही. रताळं परत करणारी बाई आणि पेटीतून भात काढणारी बाई एकच होती. दोन्ही वेळा तिला नेमकं ठाऊक होतं की कुणाचं काय आहे. आपल्यासाठी तिनं त्या भातातला एक दाणा घेतला नाही. तिच्या वाडग्यात वेल होते, चोथा होता, आणि हिवाळा संपेपर्यंत तिचे पाय सुजून वाडग्यांसारखे गोल झाले होते.

वसंतात मियो पेज खायला लागली. परदेशी पिठाचं रेशन आलं. सासू अंथरुणावर पडली. सुजेवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मी ताट मांडू लागले, ती झोपूनच बघायची. झाकणावर पाणी मी शिंपडायची. तिला दाखवायला. का ते मला सांगता येणार नाही. आमचं ते चालू होतं, एवढंच.

एका दुपारी तिनं माझ्या हातातून झाकण काढून घेतलं.

"शिगे, आजपासून ताट नको."

मी बसले. मियो चटईवर वाडगा वाजवत होती.

"कधी गेले?" मी विचारलं.

"मागच्या जूनमध्ये. डोंगरात, तापानं. तो माणूस शेवटपर्यंत जवळ होता म्हणाला." ती थांबली, श्वास घेतला. "तुला माहीत होतं."

"होतं."

"मला वाटलंच. तरी खात होतीस."

"तुम्ही वाढत होता ना."

तिनं मान हलवली. मग मी म्हटलं, कारण ते इतके महिने माझ्या आत बसलं होतं आणि दुसरं काही बोलले असते तर मला रडू आलं असतं, "आई, वाफेचे थेंब एवढे मोठे नसतात."

तिचा तो सुजलेला, पिवळा चेहरा हळूहळू पसरला आणि ती हसू लागली, खोकत, पोट धरून. मी तिला इतकं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. मियो वाडगा टाकून आमच्याकडे बघायला लागली.

"कधी खोटं बोललेच नव्हते ग," ती म्हणाली. "हात बसला नव्हता."

तोकुजी १९४५ च्या जूनमध्ये दक्षिणेकडच्या लुझोन बेटावर वारला. माझी सासू त्सुने १९४६ च्या मे महिन्यात वारली. आमच्या घरात दुसरं कुणी मेलं नाही.